कुणाच्या हाताखाली

"छे, जुळत नाही बुवा," रमाकांत म्हणाला. त्याने कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, आणि खो-खो हसला. "तूच कर की रे. तुला माझी सही माझ्यापेक्षा चांगली येते."

वाल्मिकला वाटलं, चेष्टा करतोय. पण रमाकांतने पेन खरोखरच त्याच्या पुढ्यात सरकवलं आणि बशीतली तळलेली कोळंबी उचलून तोंडात टाकली. सकाळचे दहा वाजले होते. डोकमर्डीच्या वळणावरच्या त्याच्या बारमध्ये खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, आणि एक बाई फिनेल टाकून फरशी पुसत होती. फिनेल, रात्रीची सांडलेली दारू आणि कोळंबी, असा तिन्हींचा मिळून वास सुटला होता. 

टेबलावर दोन कागद होते. एक बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेचा फॉर्म. दुसरी कारखान्यातल्या लॉगबुकाच्या पानांची झेरॉक्स. फॉर्मात एक रकाना होता: 'कुणाच्या हाताखाली, किती वर्षे काम केले'. त्याच्या खाली त्या शिकवणाऱ्या माणसाची सही हवी, आणि ती लॉगबुकातल्या सहीशी जुळायला हवी. लॉगबुकात रोजच्या पानाखाली 'र. वि. हडकर' अशी झोकदार सही होती. म्हणजे हाच रमाकांत. आणि त्या वह्यांमधली एकसुद्धा सही रमाकांतने केलेली नव्हती. अकरा वर्षं, सुट्टीचे दिवस सोडून रोज, ती वाल्मिकने केली होती.

हा काय घोळ म्हणाल, तर ऐका.

चौऱ्याऐंशी साली वाल्मिक धरणगावाकडून बायको आणि एक ट्रंक घेऊन सिल्वासाला आला. कर माफ म्हणून तेव्हा तिथे कुत्र्याच्या छत्र्यांसारखे कारखाने उगवत होते. रांध्याच्या वाटेवर कापड रंगवायचा एक कारखाना निघाला, तिथे त्याला बॉयलरवर घेतलं. लाकडावर चालणारा बॉयलर. कायद्याने तो चालवायला सर्टिफिकेटवाला माणूस हवा. सर्टिफिकेटवाला माणूस महाग. मग शेठने शक्कल काढली: माणूस नको, नुसतं सर्टिफिकेट आणा! रमाकांत हडकर मूळचा मालवणकडचा. मुंबईच्या गिरणीत असताना बहात्तर साली परीक्षा पास झालेला, आणि त्यानंतर चहाच्या किटलीखेरीज कशाच्याही वाफेजवळ न गेलेला. त्याचं सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत घालून बॉयलर हाऊसच्या भिंतीवर टांगलं. रमाकांत घरी बसून महिन्याच्या महिन्याला पाकीट घेणार, आणि भट्टीपुढे भाजून निघणार वाल्मिक. कागदोपत्री वाल्मिक कोण, तर कंत्राटदाराचा हेल्पर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, त्यातल्या नागोबाला निदान बिळात तरी राहावं लागतं. याला तेही नको!

पहिल्या दिवशी रमाकांत एकदाच आला होता. सिगरेटच्या पाकिटावर सही करून त्याने वाल्मिकच्या हातात दिलं. "हे बघ, अशी करायची. रोजरोज मला इथपर्यंत ओढू नकोस."

आणि वाल्मिक खूश झाला होता, हे सांगायलाच हवं. सातवी शिकलेला, अक्षर वळणदार, आणि एवढा मोठा सर्टिफिकेटवाला साहेब आपल्यावर विश्वास टाकतोय! घरी जाऊन त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चाळीस वेळा ती सही गिरवली. बायडाबाईला दाखवून विचारलं, कोणती साहेबाची आणि कोणती माझी, सांग. तिला ओळखता आली नाही. त्या दिवसाची आठवण आली की त्याला आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे. माणूस स्वतःच्या गळ्यात दोरी अडकवून घेतो, आणि वर आरशात बघतो, कशी दिसते म्हणून.

पण कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आगीच्या आवाजावरून लाकूड ओलं की सुकं ते तो सांगायचा. पंप कधी कुरकुरणार, कुठला कॉक घट्ट होतोय, बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी किती आणि ते खरं की खोटं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. आसपासच्या तीन कारखान्यांतली माणसं त्याच्याकडे शिकून गेली. रमाकांतचं नाव मात्र वहीत रोज ठळक होत गेलं.

मग गेल्या दिवाळीच्या आधीची ती गोष्ट घडली. पाण्याची काच फुटली. वाफ आणि उकळतं पाणी फुत्कारत बाहेर आलं. माणसं चपला टाकून पळाली. वाल्मिकने डोक्यावर ओलं पोतं घेतलं, वाफेत हात घालून काचेचे दोन्ही कॉक बंद केले आणि जळती लाकडं भट्टीबाहेर ओढून आग काढली. उजवा हात कोपरापर्यंत सोलून निघाला. पंधरा दिवसांनी कारखान्यात छोटासा समारंभ झाला. बॉयलर वाचवल्याबद्दल शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. कुणाला? श्री. र. वि. हडकर यांना! वहीत त्या दिवशी ड्यूटीवर त्यांचंच नाव होतं ना. सफारी घालून रमाकांत आला, शाल घेतली, फोटो काढला आणि चार शब्दही बोलला, म्हणे संकटात डोकं शांत ठेवावं लागतं. शेवटच्या रांगेत बँडेज बांधलेला वाल्मिक उभा होता. टाळ्या वाजवायला हात नव्हता, म्हणून मांडीवर डावा हात आपटत होता. आपटत होता हो, खरंच! शेजारचा बघत होता म्हणून.

त्या दिवशी जेवताना त्याचा घास खाली उतरेना. बायडाबाईने विचारलं, हात दुखतोय का. तो म्हणाला, "हात नही. माले मनीच किळस ई राहिनी."

दुसऱ्या आठवड्यात त्याने परीक्षेचं पुस्तक आणलं. अकरा वर्षं जे हातांनी केलं होतं त्याची पुस्तकी नावं पाठ केली. आता एकच ध्यास होता: भिंतीवर आपल्या नावाचं सर्टिफिकेट, आणि वहीत आपली सही. बाकी काही नको.

आणि त्यासाठी तो आता या बारमध्ये, रमाकांतपुढे उभा होता.

"हडकरसाहेब, फॉर्मवर मी कशी तुमची सही करू? ते चुकीचं होईन."

"आणि अकरा वर्षं केलीस ती?" रमाकांतने दात कोरत विचारलं. "अरे बाबा, मी माझी केली तर ती वहीशी जुळत नाही. माझी खरी सही खोटी ठरेल आणि तुझा फॉर्म परत येईल. तुला पास व्हायचंय ना? मग कर. आणि हे बघ, रकान्यात काय लिहिणार? माझ्या हाताखाली शिकलास. म्हणजे मी तुझा गुरू झालो. रिकाम्या हाताने आलास! निदान एक नारळ तरी आणायचास."

फरशी पुसणारी बाई फिदीफिदी हसली.

वाल्मिकने पेन उचललं. रकान्यात लिहिलं: 'श्री. र. वि. हडकर यांच्या हाताखाली, अकरा वर्षे.' खाली सही केली. हात इतका सरावलेला की डोळे मिटूनही आली असती. रमाकांतने वाकून बघितलं आणि म्हणाला, "वा! पुढच्या वेळी बँकेतही तुलाच पाठवतो."

बाहेर येऊन वाल्मिक गटाराच्या कडेला थुंकला. तोंडातली कडू चव काही गेली नाही.

परीक्षा सुरतेला होती. लेखी पेपर बरा गेला. तोंडी परीक्षेला दोन साहेब बसले होते; त्यांतल्या म्हाताऱ्या साहेबाने लॉगबुकाची झेरॉक्स चाळत एकदम विचारलं, "काचेत पाणी दिसत नाही. काय करणार?"

"आग ओढणार, साहेब. पहिलं तेच."

"पाणी नाही सोडणार?"

"नाही. मन धावतं पंपाकडे, हात शिवशिवतो. पण तापलेल्या पत्र्यावर गार पाणी सोडलं तर बॉयलर उडीन. थंड होऊ देणार, मग बघणार."

म्हाताऱ्या साहेबाने चष्मा काढला. "हात शिवशिवतो, हे पुस्तकात नाही. कुठे शिकलात?"

वाल्मिकच्या ओठांवर आलं होतं. एकोणनव्वद सालचा तो दिवस, काचेत पाणी दिसत नव्हतं, एकटा उभा होतो साहेब, पंपावर हात ठेवला होता आणि मागे घेतला, शेजारी चिटपाखरू नव्हतं. पण तसं म्हटलं तर बिनसर्टिफिकेटचा माणूस एकटा बॉयलर चालवत होता हे कबूल होणार. फॉर्म खोटा ठरणार, सगळंच संपणार. 

"हडकरसाहेबांनी शिकवलं."

"भाग्यवान आहात," साहेब मनापासून म्हणाले. "असा गुरू मिळत नाही. वहीसुद्धा किती नीटनेटकी ठेवलीय त्यांनी."

आजवर लोकांनी त्याचं काम चोरलं होतं. या वेळी त्याने ते स्वतःच्या तोंडाने उचलून देऊन टाकलं. येताना गाडीत खिडकीची जागा मिळाली होती, पण वापीपर्यंत त्याने बाहेर एकदाही बघितलं नाही.

पास झाला. सर्टिफिकेट आलं त्या दिवशी मात्र तो सगळं विसरला. बायडाबाईने सांजोऱ्या केल्या, चाळीतल्या घराघरांत वाटल्या. कारखान्यात मॅनेजर जयवंतभाईंनी स्वतः रमाकांतची चौकट खिळ्यावरून काढली आणि वाल्मिकची लावली. 'वाल्मिक दगा पाटील.' त्या दिवशी पानाखाली त्याने पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, कारण ती सही कधी गिरवलेलीच नव्हती. पण त्याला ते फार आवडलं. दिवसातून दोनदा तो वही उघडून बघायचा, खोटं कशाला सांगू!

हे सुख आठ दिवस टिकलं.

नवव्या दिवशी जयवंतभाईंनी त्याला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच त्याला संशय यायला हवा होता.

"वाल्मिक, आता तो तू मोठा माणूस थई गयो," जयवंतभाई हसत म्हणाले. वलसाडकडचे गुजराती, पण कामगारांशी आपली खिचडी मराठी बोलायचे. "शेठनी दादराला दुसरी फॅक्टरी घेतली. तिथे पण बॉयलर हाय. तुझा सर्टिफिकेट तिकडे पण लावू. दोन्हीकडे तुझं नाव. पगार दीडपट."

"दोन ठिकाणी एका वेळी मी कसा राहू, भाई?"

"अरे, राहायचं कशाला? सकाळी एक चक्कर मार, चहा पी, घरी जा. इथे काळू हाय ना! चार महिन्यांपासून तुझ्याकडे शिकतोय. तो चालवेल. तिकडे पण कोणी मिळेल."

काळू म्हणजे रांध्याचा वारली. चाळिशीचा, तीन मुलांचा बाप, आधी लाकडं फोडायला होता. गडी हुशार, पण अजून कच्चा.

"आणि वहीत सही?" वाल्मिकने विचारलं. उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

"काळू करेल. तू शिकव त्याला. तुझी सही तर एकदम सोपी छे."

 जयवंतभाईंच्या तोंडावर कपटाचा लवलेश नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की आपण याचं भलं करतोय. तेच जास्त ओंगळ होतं.

"मी एकच बॉयलर चालवीन, भाई. स्वतः चालवीन."

"डोकं फिरलं काय तुझं? बसून पगार मिळतो तो नको? हडकरला विचार!" मग ते थोडे गंभीर झाले. "जो, बघ, शेठला दोन बॉयलरवर दोन सर्टिफिकेटवाले परवडणार नाय. तुला नको असेल तर हडकरची चौकट तिथे कपाटातच पडलीय. तो दोन काय, चार लावू देईल. पण मग तुझं इथे काम नाय. उद्या सकाळी सांग."

घरी बायडाबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिने कधी अवाजवी काही मागितलं नव्हतं. वाढता वाढता ती म्हणाली, "अकरा वरीस भट्टीम्हा जळनात तुम्ही. आते जरा बसनात ते काय पाप शे का?"

"पाप नही. पण त्या काळूना हात जळना, ते शाल कोणले भेटी?"

 तिने ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "काम सुटनं ते दुसरं भेटी का?"

"माहीत नही."

"मंग आधी जेवा," ती म्हणाली.

सकाळी तो बॉयलर हाऊसमध्ये आला तेव्हा काळू आधीच आला होता. आग नीट लावलेली, पाणी बरोबर. काळूच्या चेहऱ्यावर लगीनघाई होती. त्याने वाल्मिकला हाताला धरून लाकडांच्या ढिगामागे नेलं. तिथे भिंतीवर कोळशाने आठ-दहा वेळा लिहिलं होतं: वाल्मिक दगा पाटील, वाल्मिक दगा पाटील. शेवटचं तर थेट त्याच्यासारखंच वेडंवाकडं आलं होतं.

"जयवंतभाय बोललं, तुमची सय मना कराची हाय," काळू म्हणाला. त्याला आनंद मावत नव्हता. "चवथीपरत शिकलू ना मी. बघा, बरोबर हाय का? का अजून जरा वाकडी करू?"

वाल्मिक त्या भिंतीकडे बघतच राहिला. आत्तापर्यंत त्याला रमाकांतची किळस आली होती, शेठची आली होती, स्वतःची तर रोजच येत होती. पण या भल्या माणसाला असं हरखलेलं बघून जी शिसारी आली, ती निराळीच होती. 

त्याने ओलं फडकं घेतलं आणि भिंत पुसून काढली. काळूचं तोंड एवढंसं झालं.

"चुकला काय, वाल्मिकभाऊ?"

"तुझं नाही चुकलं, भो. बस इथे." वाल्मिकने लॉगबुकाच्या मागचं एक कोरं पान काढलं आणि लाकडाच्या ओंडक्यावर बसून मांडीवर वही धरली. "तुझं पूर्ण नाव सांग."

"काळू जान्या वरठा."

तो सावकाश लिहू लागला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागला. "काळू जान्या वरठा, राहणार रांधा, यांनी सन एकोणीसशे पंच्याण्णवमध्ये माझ्या हाताखाली चार महिने सतरा दिवस बॉयलरचे काम केले. आग लावणे, आग ओढणे, पंप चालवणे व पाण्याची काच तपासणे त्यांना येते. सेफ्टी व्हॉल्व्ह अजून शिकायचा आहे." खाली आपलं नाव घातलं, सर्टिफिकेटचा नंबर घातला, तारीख घातली.

काळूने कागद हातात घेतला. एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. "पण भाऊ, परीक्षेच्या फॉर्माला वरसां लागतात ना? तुम्हीच सांगलेला. थोडा वाढवून लिवा की."

"चार महिनेच शिकवलंय तुला. तेवढंच लिहीन. बाकीचं ज्याच्याकडे शिकशील, त्याच्याकडून लिहून घे."

"तुम्ही नाय शिकवणार?"

"मी आज चाललो."

काळूला कळायला जरा वेळ लागला. त्याने चौकटीकडे बघितलं, मग वाल्मिककडे. "मंग या कागदाचा काय उपेग?"

"आत्ता तर काहीच नाही," वाल्मिक म्हणाला.

 काळू एका ओळीवर बोट टेकवून म्हणाला, "धुराडा साफ केलेला नाय लिवला तुम्ही. दोन येळा केला मी."

"दोन वेळा?"

काळूने डोकं खाजवलं. "नाय. एक येळा तुम्ही व्हते बाजूला. एकल्यानं एकदाच केला."

वाल्मिकने कागद परत घेतला, मांडीवर नीट पसरला आणि लिहिलं: धुराडे एकदा एकट्याने साफ केले. मग कागद काळूच्या हातात देऊन, काम सोडतोय हे जयवंतभाईंना सांगायला तो ऑफिसकडे निघाला.